उजव्या दाराची कड

नांदेडच्या एका जुन्या मोटारीच्या उजव्या दाराच्या वरच्या कडेला तळहाताएवढा एक खोलगट खड्डा होता. तो मी बुजवला. काम नीट झाले. ज्यांनी पाहिले त्यांनी वाखाणले. मालकीणबाईंच्या लेखी मात्र त्या गाडीत जपण्यासारखे जे काही होते ते त्या खड्ड्यातच होते, आणि हे मला काम संपल्यावर कळले. एवढीच हकिकत आहे. ती सगळी मी कुणाला तोंडी सांगू शकलो नाही, म्हणून या वयात पहिल्यांदाच कागद पुढे ओढला आहे.

मी लातूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असे. म्हणजे फळ्याकडे तोंड करून बोलत असे. समोरच्या माणसाला प्रश्न विचारणे मला कधी साधले नाही. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्यापेक्षा मीच अधिक अवघडलेला असे, आणि पुष्कळांना केवळ पुढचा प्रश्न सुचेना म्हणून पास करीत असे. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी पत्नी गेली. तिची गादी एका बाजूने दबलेली होती. ती भरून घ्यावी म्हणून मी गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एका पिंजाऱ्याच्या दुकानात नेऊन टाकली. दुकानदार म्हातारे होते. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणे. त्यांनी गादी उलटीपालटी केली, दबलेल्या जागेवर हात फिरवला आणि हातातली कात्री खाली ठेवली.

"किसकी है, सर?"

मी सांगितले.

"मग विचारावं लागतं. यातला कापूस दुसऱ्यात मिळवू का अलग ठेवू? गेलेल्या माणसाची गादी घरच्यांना विचारल्याबिगर खोलायची न्हाई. आमच्या वालिदचा कायदा हाय."

"अलग," एवढे म्हणालो. चाचांनी तो कापूस न पिंजता, आहे तसा उचलून एका पिशवीत भरून दिला. ती पिशवी आमच्या माळ्यावर अजून तशीच आहे.

त्यानंतर मी त्या दुकानात जाऊन बसू लागलो. रिकामे घर टाळण्यासाठी जात होतो हे खरे, पण हळूहळू सुई हातात आली. चाचा गाद्यांबरोबर मोटारींच्या बैठकाही शिवीत. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी हैदराबादेत एक वेगळेच काम शिकून घेतले होते. पूर्वी काही मोटारींचे अंग पत्र्याचे नसे. लाकडाच्या हलक्या सांगाड्यावर कापसाचा थर आणि त्यावर लेप दिलेले जाड, चामड्यासारखे दिसणारे कापड ताणून बसवीत. त्यांची डागडुजी ते करीत.

"मोटार कसली," चाचा म्हणत, "पहियेवाली गादी है वो."

वडिलांमागोमाग त्या मोटारीही संपल्या, पण काम चाचांच्या बोटांत राहिले होते. त्या लेपात मुळातच एरंडेल तेल असते, म्हणून कापड लवचिक राहते, आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने ते तेल गेले की लेप तडकतो, असे मी एकदा भीतभीत म्हणालो. चाचांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. ही गोष्ट मला पुस्तकाने सांगितली होती, त्यांना नाकाने. त्या दिवसापासून ते मला शिकवू लागले असे म्हणायला हरकत नाही.

एका सकाळी नांदेडहून एक चाळिशीचा माणूस दुकानात आला. जिल्हा परिषदेत कारकून होता, बोलका, हसतमुख. त्याने फोनमधली छायाचित्रे चाचांपुढे धरली. विटांवर उभी केलेली, काळपट तपकिरी रंगाची एक मोटार.

"चाचा, हिचं कापड तुमच्या वडलांनी एकदा दुरुस्त केल्यालं हाय, असं आमच्या आत्या म्हणतात. आता शेडाचा पत्रा गळून राहिला. मागचं कापड सुटलं, उंदरांनी संसार थाटलाय आत. म्या म्हणलं, पत्रा ठोकून रंग मारू, तर आत्यानं दोन दिवस बोलणं सोडलं माझ्याशी."

चाचांना कापसाच्या धुळीने दमा जडला होता. ते म्हणाले, "मेरा दम दुकानाच्या पायरीपर्यंतच चालतो, बाबा. सर को ले जाव."

"हे? हे तर कॉलेजातले वाटतात."

"हौ. बोलते नहीं. लेकिन हात हलका है."

निघताना चाचांनी चार गोष्टी बजावल्या. पाण्याचा पाइप लावायचा नाही, ओल आत गेली की लाकूड कुजते. पॉलिश लावायचे नाही. उन्हात काढायची नाही. प्लॅस्टिकने झाकायची नाही. पाचवी गोष्ट त्यांनी सांगितली नाही. ती मला माझ्याच घरच्या गादीवर शिकवून झाली आहे असे त्यांनी धरले असावे.

अहमदपूर, लोहा करीत मी नांदेडला पोहोचलो. विहाराला लागून असलेल्या वस्तीत त्यांचे घर होते. बैठे, स्वच्छ, दारात पारिजातक. कारकुनाची आत्या सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेली. वस्ती तिला सिस्टर म्हणे, मीही सिस्टरच म्हणू लागलो. काचबिंदूने त्यांची नजर जवळपास गेली होती. उजेड कुठून येतो एवढे कळे. पण सकाळी विहारातल्या वंदनेला त्या एकट्या चालत जात, आणि सायंकाळी, दिवस मावळायच्या आत, मागच्या शेडात गाडीपाशी जाऊन उभ्या राहत. मी पहिल्या दिवशी हे पाहिले आणि म्हातारपणीची सवय असेल असे समजलो.

गाडीवर एक मोठी वाकळ पांघरलेली होती. सिस्टरच्या आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली, गाडीच्या मापाची, आरशापाशी खोबण ठेवलेली. मराठवाड्याच्या उन्हात ते कापड इतकी वर्षे टिकले त्याचे अर्धे श्रेय त्या वाकळीचे. उरलेले त्यांच्या वडिलांचे.

वडिलांना सिस्टर दादा म्हणत; ते एका वकीलसाहेबांकडे ड्रायव्हर होते. निजामाच्या अमदानीतली गोष्ट. सिस्टर शेडाच्या तोंडाशी स्टूल टाकून बसत आणि माझ्या हातांच्या आवाजाकडे कान लावून बोलत.

"सायब कोर्टात गेले की दादा बाहेर उभे. दाराला हात लावून. उन्हाळा असो का काही. आत बसायचं न्हाई असं कुणी सांगितलं नव्हतं बरं का, सर. पण बसायचं न्हाई, एवढं आपलं ठरल्यालं. सायब बसले की मगच दादा बसणार."

"किती वर्षं?" असे विचारावेसे वाटले. मी ओल्या फडक्याने मागचा भाग पुसत राहिलो.

"पुढं सायबांनी पत्र्याची मोटार घेतली, हैदराबादला गेले. जाताना म्हणले, ही घेऊन जा, हिला आता कोण इचारतं. जुनी गादी देतात ना कुणाला, तसं. दादा घरी आले ते चालवत आले. आई म्हणली, आता तरी बसून आलात."

त्या हसल्या. पुतण्याही हसला. मी हसलो की नाही आठवत नाही.

गाडीचे काम मला मनापासून आवडले, हे कबूल केले पाहिजे. त्या अंगाला हात लावला की ते किंचित दबे आणि परत येई. पत्र्याच्या गाडीला असे काही नसते. मी कोमट पाण्यात नावापुरता साबण घालून फडके पिळून घेई, वीतभर जागा पुसून लगेच कोरडी करी. तडकलेल्या ठिकाणी बोटाच्या टोकाने एरंडेलाचा पुसट हात देई आणि उरलेले तेल टिपून घेई. मागच्या बाजूला उंदरांनी केलेली भोके आतून मलमलीचे तुकडे डकवून बंद केली. सुटलेले कापड पुन्हा ताणून बारीक चुकांनी, म्हणजे इवल्या खिळ्यांनी, ठोकले आणि चुकांवर मूळची पट्टी बसवली. या कामात दिवस कसे गेले कळले नाही. पत्नी गेल्यानंतर मला इतकी स्वस्थ झोप त्याच दिवसांत लागली.

चौथ्या दिवशी दुपारी सिस्टर एकाएकी म्हणाल्या, "सर, त्या पुढच्या दाराला..."

तेवढ्यात पुतण्या आतून चहा घेऊन आला. "आत्या, सरांना काम करू दे की. तू असं शिकवायलीस जसं काय सर तुझ्या वॉर्डात नवे लागलेत."

"न्हाई रे, म्या आपलं..."

"त्यांना चाचांनी पास केलंय. त्यांच्या हातात सुई हाय, तुझ्या हातात इंजेक्शन होतं. फरक हाय."

सगळे हसले. सिस्टरनी कप घेतला आणि वाक्य तिथेच सोडले. मला ते अर्धे वाक्य ऐकू आले होते. 'पुढच्या दाराला काय, सिस्टर?' एवढे तीन-चार शब्द. ते माझ्या ओठांपर्यंत आले आणि मी चहा प्यालो. आपण होऊन सांगतील, असे स्वतःशी म्हणालो. आयुष्यभर मी हेच म्हणत आलो आहे.

पुढची दारे शेवटी हाती घेतली. डावे ठीक होते. उजव्याच्या वरच्या कडेवर, काचेच्या खाचेच्या बाहेर, एक जागा खोल बसली होती. तिथे कापडाचा दाणा झिजून गुळगुळीत झाला होता आणि आतला कापूस दबून त्याची चपाती झाली होती. मी बोटांनी चाचपून पाहिले. गेली काही वर्षे मी दबलेल्या गाद्याच पाहत होतो. कापूस बसला की काढायचा, नवा भरायचा. याहून दुसरा विचार माझ्या मनात आला नाही. उजवी बाजू ड्रायव्हरची आहे हे मला ठाऊक होते. दाराला हात लावून उभे राहत, हे काही दिवसांपूर्वीच ऐकले होते. या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत.

पट्टी उचलली, चुका काढल्या, कापड दुमडून मागे घेतले. दबलेला करडा कापूस हलकेच सुटा करून एका पिशवीत घातला आणि प्रयोगशाळेच्या सवयीने त्यावर चिठ्ठी लावली: उजवे दार, वरची कड. हदगावकडचा चांगला लांब धाग्याचा कापूस चाचांनी पिंजून दिला होता. तो थर थर करून भरला. कुठे गाठ नको, कुठे फुगवटा नको, म्हणून दोनदा काढून पुन्हा घातला. कापड ताणले. झिजलेल्या जागी तेलाचा हात देऊन शेजारच्या रंगाशी मिळते करून घेतले. हे सारे माझ्या हातून झाले याचे मला नवल वाटले. अभिमानही वाटला. तो शब्द मी स्वतःबद्दल क्वचितच वापरला असेल.

सायंकाळी सिस्टर नेहमीप्रमाणे आल्या. मागून सुरुवात करून त्यांनी गाडीच्या अंगावरून हात फिरवीत आणला. "उंदरांचं सगळं बुजलं की," म्हणाल्या. पुढच्या दाराशी आल्या आणि हात वरच्या कडेवर ठेवला. तो जरा पुढे गेला, जरा मागे आला, पुन्हा पुढे गेला. मग त्यांनी हात उचलून पदराला पुसला.

"लई छान झालं, सर," त्या म्हणाल्या. "लई मेहनत घेतली तुम्ही."

एवढेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भाकरी, ठेचा आणि शेंगांची चटणी बांधून दिली आणि मी लातूरला परतलो.

महिन्याभराने पुतण्याचा फोन आला. आवाज आनंदी होता. हैदराबादच्या एका शौकीन माणसाने गाडीची छायाचित्रे पाहिली होती. तो पूर्वीही दोनदा मागायला आला होता, आणि दोन्ही वेळा आत्याने त्याला पारिजातकाच्या पुढे येऊ दिले नव्हते.

"आता मातर आत्या हो म्हणली, सर. मलाच खरं वाटंना. म्हणली, न्हेऊ दे. ती आता शेडात जातबी न्हाई. वाकळबी काढून घडी करून ठेवली."

"जात नाहीत?"

"न्हाई. तुम्ही गेल्यापासून न्हाई. म्या म्हणलं, आत्या, आता गाडी चांगली दिसायली तर तू का जाईनास? तर म्हणली, मला काय दिसतंय? आता बोला." तो हसला, मग म्हणाला, "पैलेच्या टायमाला रोज जायची. दादांच्या हाताची जागा होती म्हणं दाराला. तिथं हात ठेवून उभी राहायची. तुम्हाला बोलली असंल की."

मी काहीतरी बोलून फोन ठेवला.

दुकानात जाऊन चाचांना सांगितले. ते एक दुलई टाचत होते. सांगून झाल्यावर बराच वेळ त्यांची सुई चालत राहिली.

"पूछे नहीं?"

"नाही."

"तुमच्या गादीच्या टायमाला मी पूछा था, सर."

मग त्यांनी दोरा तोडला आणि दुलईची पुढची ओळ धरली. रागावले होते असे मला वाटत नाही.

पिशवी घेऊन मी नांदेडला गेलो. बसमध्ये पुष्कळ वाक्ये तयार केली होती. दारात सिस्टर दिसल्यावर त्यांतले एकही राहिले नाही. पिशवी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "दारातला जुना कापूस आहे. ठेवला होता. मी पुन्हा उघडतो, नवा काढून टाकतो."

त्यांनी पिशवीत हात घातला. चपाती झालेला तो कापूस बोटांत येताच भुगा झाला. त्यांनी तो तसाच सोडला आणि बोटे झटकली.

"काढून काय करता, सर? खड्डा पडंल. पण तो तुमचा पडंल."

"मी विचारायला हवं होतं."

"म्याबी सांगायला पाहिजे होतं. सांगणार होते." त्यांनी पिशवीचे तोंड आवळले. "वाटलं, मास्तर माणूस हाय, इचारतील. मग वाटलं, येवढ्या मोठ्या माणसाला काय सांगावं, की आमच्या बापाच्या हाताचा खड्डा हाय, तेवढा ठेवा. हसतील म्हणलं."

मी हसलो नसतो. पण हे त्यांना कळावे असे मी त्या सात दिवसांत काही बोललो नव्हतो.

"मग गाडी ठेवा तरी," मी म्हणालो.

"कशाला? कापड जगवायचं होतं ते तुम्ही जगवलं. ज्याला कापड पायजे त्यानं न्यावं." आणि जरा वेळाने, "कधी कधी डुलकी लागायची तिथं उभ्या उभ्या. वॉर्डात लागायची तशी. आता कुठं उभं राहावं कळंना."

गाडी न्यायचा ट्रक आला त्या दिवशी पुतण्याने मला बोलावून घेतले; कापड कसे सांभाळायचे ते नव्या मालकाच्या माणसांना समजावून द्यावे, म्हणून. मी समजावले. पाइप नको, पॉलिश नको, ऊन नको. ती माणसे दोर सोडवत होती तेव्हा सिस्टर मागच्या दारातून आल्या. "मला एकदा न्या तिथं, सर," म्हणाल्या. मी त्यांचा दंड धरून उजव्या दाराशी नेले.

त्यांनी कडेवर हात ठेवला आणि पुढून मागे नेला. मागून पुढे आणला. बोटे पसरून, तळवा टेकवून, थोडा दाबून पाहिले. ट्रकवाला कुणाला तरी हाका मारीत होता.

"कुठं होतं हो ते, सर?"

मी वाकून पाहिले. पट्टी मी मूळच्या रेषेत बसवली होती. चुका कुठून काढल्या त्याची खूण राहू दिली नव्हती. रंग मिळवला होता. बोटांनी दाबून पाहिले. कापूस सगळीकडे सारखा होता. खिडकीच्या खाचेपासून किती अंतर होते ते आठवण्याचा प्रयत्न केला. चिठ्ठीवर फक्त 'वरची कड' लिहिले होते, माप घेतले नव्हते. मी कडेवरून एकदा हात फिरवला, पुन्हा फिरवला. मला ती जागा सापडेना.

सिस्टर वाट पाहत होत्या.

मी त्यांचा हात उचलला आणि एका ठिकाणी ठेवला. "इथं," म्हणालो.

त्या जराशा थांबल्या. चेहरा दाराकडे होता.

"हाव," त्या म्हणाल्या. "इथंच."

मी अंदाजाने ठेवला होता.